अडीच फूट

मोरेश्वर नाबर वजनमापे खात्यात होते.
वेंगुर्ल्याच्या बाजारात त्यांची छत्री दिसली
की तराजूच्या पारड्याखालचे चिंचेचे गोळे गायब व्हायचे,
आणि आमच्या छापखान्यात बाबा म्हणायचे,
इलो आगगाडीवालो.

आगगाडी बघायची तर तेव्हा
आंबोलीचा घाट, दोन ओकाऱ्या, मग बेळगाव.
अशा गावात बसून हा माणूस
कुर्डुवाडी, पाचोरा, मूर्तिजापूर, पुलगाव
असं पुटपुटायचा, दुसरे रामरक्षा म्हणतात तसं.
हक्काची रजा सगळी तिकडे गेली.
मुलीच्या बारशाला ते आर्वीच्या गाडीत होते,
आणि ती गाडी, नाबरकाकू सांगायच्या,
एका बैलाला वाट देत उभी होती.

संपादकांची पत्रं मी वाचलीत.
एकात फक्त एवढंच: विषय फार अरुंद आहे.
त्याखाली काकांच्या शाईत:
बरोबर. अडीच फूट.

शिसवीची एक काठी होती त्यांच्याकडे,
खात्याच्या शिक्क्याची नव्हे, स्वतःची.
जातील तिथे दोन रुळांमध्ये आडवी ठेवायचे.
बसली की वहीत तारीख.
माथेरानला बसली नाही, सहा इंच बाहेर राहिली;
त्याचीही तारीख.

त्यांचं पहिलं पुस्तक मी जुळवलं, अकरा वर्षांचा होतो.
स्टुलावर बसून ते माझ्या बोटांकडे बघायचे.
म्हणाले, तुमच्याकडेही खिळेच की रे,
एक निघाला तर अख्खी ओळ घसरते.
तीनशे प्रती.
त्यातल्या दोनशे दहा आमच्या माळ्यावर
वाळवीने वाचल्या, शेवटच्या पानापर्यंत.

ते जाऊन आले की ती गाडी वर्षा-दोन वर्षांत बंद व्हायची.
एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारलं म्हणे,
साहेब, तुम्ही आलात म्हणजे आमचं ठरलं का?
हे त्यांनी कुठे छापलं नाही.
मला सांगितलं, प्रूफ तपासताना, मान वर न करता.

आणि मग उभादांड्याला
एका विहिरीच्या तोंडावर, रहाटाखाली, आडवा
रुळाचा तुकडा.
बारीक. एकाच बाजूने झिजलेला.
म्हणजे वळणावरचा, काका म्हणाले,
म्हणजे चाकं गेलीत यावरून.
बॅटरी मी धरली होती, थरथरत होता तो त्यांचा हात.
विहीरवाली म्हणाली,
आमच्या आजेसासऱ्यान हाडलेलो.
खयसून, ता देवाक ठावक.

चार पानं लिहिली त्यांनी: कोकणातली हरवलेली गाडी,
बंदर, वखारी, धक्क्याकडे उतरणारं वळण.
मी जुळवली. फर्मा आवळला.
रात्री साडेनऊला छत्री घेऊन दारात.
सोडव, म्हणाले.
रूळ आहे, गाडी नाही.
गलबताच्या तळाशी भार म्हणूनही आला असेल.
आयुष्यभर दुसऱ्यांची पारडी उलटी करून बघितली रे,
आता माझ्याच पारड्याला चिंच लावू?

खिळे परत घराघरांत टाकेपर्यंत मला पहाट झाली.
रागावलो होतो. अजूनही थोडा आहे.

कुडाळला खरी गाडी आली तेव्हा लोक नारळ घेऊन गेले,
हे काठी घेऊन.
दोन काठ्या आणि वर सहा इंच.
मोठी आहे, म्हणाले, आणि परतीची एस्टी धरली.
लिहिणार का हिच्यावर?
हिचं लिहिणारा अजून जन्मायचाय.

काठी आता माझ्याकडे असते.
छापखाना गेला, मी झेरॉक्स काढतो.
परवा त्यांची मुलगी आली पुण्याहून,
ती बारशाची. म्हणाली, विहीर दाखवा.
रूळ तिथेच आहे, रहाट नाही.
तिने चप्पल काढली, वाकली,
कान लावला लोखंडाला
आणि बराच वेळ तशीच राहिली.

काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही.
पंप चालू होता.